गाडीचं माहेर

गाडीत बसण्याआधी मामा वास घ्यायचे. दार उघडायचं, एक पाय पायरीवर ठेवायचा, मान वर करायची आणि नाकाने दोनदा हवा ओढायची, एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची. मग म्हणायचे, "वास नाय. चला." हे 'चला' कुणासाठी असायचं ते मला कधी कळलं नाही. गाडीत बहुतेक वेळा ते एकटेच. मागे हौद्यात भरलेले सिलिंडर. त्यांनाच म्हणत असतील.

पोलादपुरात आमची गॅसची एजन्सी आहे. सासऱ्यांनी सुरू केली. नवऱ्याला तिच्यात रस नव्हता, मला होता, म्हणून मी बघते. मामा माझ्या आधीपासूनचे. मला ते वैनी म्हणत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं. उमरठच्या वरच्या अंगाला चार वाड्या आहेत. तिथे जाऊन 'गॅसवाले मामा' म्हणा, पुरे.

गॅस वाहणारा माणूस नाकाने जगतो. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. पण सिलिंडर पोचवून तुमच्या स्वयंपाकघराची झडती घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मामा उंबऱ्यातच थांबून हवा ओढायचे.

"गो, चूल पेटवलीस ना आज?"

"नाय ओ मामा. जरा पाणी तापवलं आंघोळीचं."

"का? पाणी गॅसला लाजतं काय?"

बाई पदरात हसायची. मामा हसायचे नाहीत. जाता जाता चुलीच्या तोंडाशी रिकामं घमेलं उपडं घालून जायचे.

ह्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. हौद्याची साखळी लावता लावता म्हणाले, "माझ्या आयशीचे डोळे चुलीन खाल्लान्." साखळी लागली, विषय संपला. पण धुराशी त्यांनी उभा दावा मांडला होता. विडी नाही, शेकोटी नाही. लग्नघरी आचाऱ्याच्या भट्टीकडे पाठ करून जेवायचे. मला म्हणायचे, "वैनी, मी मेलो तर लाकडावर घालू नका. दोन सिलिंडर लावा. निळ्या ज्योतीवर जाईन."

"कुणाच्या नावावर लावू?"

"माझ्या. माझं बुकिंग बाकी हाय."

जुनी गाडी वरच्या चढाला थकली तेव्हा मी नवी घेतली. चारही चाकं ओढणारी, हौद्याची. वरच्या दोन वाड्यांचा रस्ता म्हणजे पावसाळ्यात ओढा आणि उन्हाळ्यात दगड. तिथे अशीच गाडी लागते. विकणाऱ्याने चाकं, गिअर, ब्रेक सगळं समजावलं. नळीतल्या फिल्टरचंही काहीतरी बोलला असेल. आम्ही तेव्हा बॉनेटवर हार नीट बसवत होतो.

तो फिल्टर म्हणजे काय ते आता मी झोपेतही सांगेन. डिझेलच्या धुरातली काजळी बाहेर पडण्याआधी एका डब्यात अडते. डबा भरत आला की गाडी आपणहून ती काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी इंजिन तापलेलं लागतं, आणि गाडी न थांबता वीसेक मिनिटं एका दमात पळावी लागते. आणि आमची गाडी? पहिला गिअर, दुसरा गिअर, थांबा. सिलिंडर उतरवा. पुन्हा पहिला गिअर. त्यात मामांची शिस्त अशी की थांबलं की इंजिन बंद. मालच तसा होता.

आता पुढची गोष्ट फक्त गॅसवाल्याच्याच हातून घडू शकते.

डबा भरत आला की समोर एक पिवळा दिवा लागतो. त्यावर चित्र आहे: आडवी नळकांडी, पोटात ठिपके. मामांनी ते पाहिलं आणि त्यांना दिसला आडवा सिलिंडर, आत गॅस. त्यांना वाटलं, कंपनीने आपल्या धंद्यासाठी मुद्दाम बसवलेला दिवा आहे. सिलिंडर गळायला लागला की पेटणारा. त्याच वेळी गाडीने काजळी जाळायला घेतलेली असायची. इंजिनाचा आवाज चढायचा, पंखा घोंघावायचा आणि खालून तापल्या तव्यासारखा वास यायचा. मागे भरलेले सिलिंडर, समोर दिवा, नाकात वास. तुम्ही काय केलं असतं?

मामांनी तेच केलं. गाडी बंद. चावी खिशात. चाकांना दगड. मग साबणाचं पाणी घेऊन एकेका सिलिंडरचं तोंड तपासायचं, बुडबुडा येतो का बघायचं. रस्त्याने येणाऱ्याला लांबूनच ओरडून विडी विझवायला लावायची. अर्ध्या तासाने हवा ओढायची. "वास नाय. चला." असं त्यांनी पंधरा दिवसांत पाच-सहा वेळा केलं आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? काम चोख झालं होतं. उलट एकदा कौतुकाने म्हणाले, "वैनी, ह्या गाडीला बी वास कळतो."

मग एके दिवशी सकाळी वरच्या वाडीच्या शेवटच्या चढाला, भरल्या हौद्यासकट, गाडी बसली. बंद पडली नाही, ओढेचना. एक्सलेटर कितीही दाबा, म्हाताऱ्या बैलासारखी एकेक पाऊल. मामांनी तिथूनच मला फोन केला. वाडीतल्या बायका खाली आल्या आणि डोक्यावर चुंबळ ठेवून सिलिंडर वर नेले. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "मामानू, तुमची गाडी सासरी नांदत नाय."

म्हातारीला कल्पना नव्हती ती काय बोलून गेली त्याची.

महाडच्या वर्कशॉपमध्ये गाडीला संगणक जोडला, काजळी जबरदस्तीने जाळली आणि तिथल्या माणसाने मामांना सगळं समजावून सांगितलं. मामा टोपी हातात घेऊन ऐकत होते.

"म्हंजे वास येत होता तवा ती साफ होत होती?"

"हो, मामा."

"आन् मी दरवेळी बंद केली."

"हो."

मामांनी टोपी घातली. बाहेर येऊन, तिथे चहा पीत बसलेल्या चार ड्रायव्हरांच्या देखत, मला म्हणाले, "चूक माझी हाय, वैनी. गाडी हगायला बसली की मी तिला उठवीत होतो."

चूक अशी कबूल करणारा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही फारसे नाहीत.

फिल्टरच्या 'डीपीएफ' ह्या इंग्रजी नावातला शेवटचा 'एफ' मामांच्या तोंडी टिकायचा नाही. ते 'डीपी' म्हणायचे. आमच्याकडे डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. त्यांनी वाडीत फोन करून सांगितलं, "डीपी भरली, आज येत नाय," आणि वाडीने वायरमनला बोलावलं. तो बिचारा चढ चढून गेला. वीज होती. मामांना त्याने आठ दिवस शिव्या घातल्या.

इथपर्यंत गंमत होती. मग आमच्या शेजारचा गॅरेजवाला आला. तो वाईट माणूस नाही. रीतीप्रमाणे बोलला.

"वैनी, तो डबा कापू. आतला माल काढून पोकळ करू, वरून वेल्डिंग. बाहेरून कळणार नाही. दिवा पण कायमचा घालवू. घाटातल्या गाड्यांचं हेच करतात सगळे."

मी हो म्हटलं. आज इतरांना ज्ञान सांगत असले तरी तेव्हा मी हो म्हटलं होतं, हे लिहून ठेवते. गाडी पुन्हा चढाला बसणं मला परवडणारं नव्हतं. दिवस ठरला. गाडी काही गॅरेजात गेली नाही. मामांनी ती आमच्या गोदामाच्या कुंपणात उभी केली आणि दोन्ही चाव्या घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"कापायची नाय."

"मामा, पुन्हा ती वर बसली तर मी वरच्या वाड्या बंद करीन. लोकांनी खाली डांबरी रस्त्याला यावं आणि आपला सिलिंडर न्यावा."

"कोण येईल? त्या घरांत म्हातारी हायत. पोरं मुंबैला. त्या चुलीकडं जातील."

"म्हणूनच तर डबा कापूया म्हणते!"

मामा उठले. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "त्यांच्या घरातला धूर जावा म्हणून आपण गॅस नेतो. आन् नेता नेता त्यांच्या दारात काळा धूर सोडून येयाचा? मग लाकडंच विकू या ना. वखार टाका, वैनी. मी पयल्या दिवशी नारळ फोडायला येतो."

मला राग आला. नोकराने मालकिणीला असं बोलावं, म्हणून नाही. ते खरं होतं, म्हणून.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. एक चावी खिशात टाकली, दुसरी टेबलावर ठेवली. "गणपतीपर्यंत द्या मला. गाडी वर एकदा जरी बसली, तर मी स्वता कापायला नेतो, आन् ही चावी परत हातात घेत नाय." थोडक्यात, डबा, वाड्या आणि मामांची नोकरी, तिन्ही एका दोरीत बांधली गेली. मी म्हटलं, "ठीक आहे. गणपतीपर्यंत."

त्या दिवसापासून गाडीचं माहेर सुरू झालं.

दिवा लागायची वाट बघायची नाही. आठवड्यातून दोनदा वाड्यांचं काम उरकलं की मामा रिकामी गाडी हायवेला काढायचे आणि पोलादपूर ते महाड, महाड ते पोलादपूर, एका वेगाने, मध्ये न थांबता पळवून आणायचे. लोक विचारायचे, "मामा, रिकामी गाडी कुठं?"

"माहेराला."

"गाडीला माहेर?"

"का नको? सासरी दिवसभर काय? चढ, थांब, ऊठ, बस. हूं का चूं नाय. छातीत काजळी धरती. हप्त्यातनं दोनदा मोकळं पळू दे तिला."

गॅरेजवाला दुकानातून ओरडायचा, "काय मामा, झालं का माहेरपण? ओटी भरली काय?"

"भरली! तुज्याकडं धाडली असती तर पोट फाडून परत आली असती."

न थांबण्याचा नियम मामांनी धर्मासारखा पाळला. रस्त्यात कुणीही हात करो, गाडी थांबायची नाही. त्यांचा स्वतःचा व्याही एकदा सामानसुमान घेऊन हात करत उभा होता. मामांनी स्टिअरिंगवरचा एक हात काढून त्याला नमस्कार केला आणि पुढे गेले. व्याही सहा महिने बोलत नव्हता.

माझंही तेच झालं. माझं माहेर नाते गावचं. महाडपासून किती लांब? काहीच नाही. तरी मी दोन वर्षांत गेले नव्हते, काम होतं. मामा एकदा म्हणाले, "बसा वैनी. गाडी जातेच हाय, माणूस बी जाऊ दे." मी खाऊचा डबा भरून घेतला, बसले. महाड आलं. नात्याकडे वळायचा फाटा आला.

"मामा, फाटा."

"दिवा लागलाय. जाऊ दे त्याला."

फाटा मागे गेला. महाड मागे गेलं. मी मांडीवर डबा घेऊन चडफडत बसले. बऱ्याच पुढे एकदाचा तो दिवा विझला, तेव्हा मामांनी गाडी वळवली आणि शांतपणे मला म्हणाले, "आता कुठं तुमच्या माहेराची पाळी."

त्या दिवशी मी आईशी चार तास बोलले. मामा ओटीवर बसून होते. आत येऊन एकदा हवा ओढून गेले, तेवढंच.

आणि मग गणपती आले.

इथल्या माणसाला सांगायला नको की गणपतीच्या आदल्या आठवड्यात वाड्यांत काय होतं. वर्षभर दोन म्हातारी असलेल्या घरात बारा माणसं उतरतात. मोदक, घावणे, चहाची अखंड पातेली. प्रत्येकाला सिलिंडर आजच हवा असतो. मामा तीन दिवस चढउतार करत होते. चौथ्या दिवशी सकाळी दिवा लागला. वरच्या वाड्यांची फेरी राहिली होती, आणि हायवेवर मुंबईहून येणाऱ्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. पळणं सोडा, चालायला जागा नव्हती.

मी ऑफिसच्या दारात उभी. गॅरेजवाला त्याच्या दारात उभा. दोघांच्याही डोळ्यांसमोर टेबलावरची ती चावी. मामा हायवेच्या तोंडाशी जाऊन आले, गाडीतून उतरले, आणि दोनतीन मिनिटं नुसते डोंगराकडे बघत राहिले.

"वैनी, माहेराची वाट बंद हाय. मावशीकडं नेतो."

"कुठली मावशी?"

"घाटातली."

आणि गाडी आंबेनळीच्या दिशेने गेली. मला ते नंतर समजलं. पळायला रस्ता नसेल तर चढ चालतो. फक्त गिअर खालचा हवा आणि दम सुटू द्यायचा नाही. मामांनी मागे रिकाम्या सिलिंडरचं वजन ठेवलं आणि तो सबंध घाट खालच्या गिअरमध्ये, इंजिन गर्जत ठेवून, एकदाही पाय न उचलता चढवला. धुक्यात, वळणावळणांनी. तव्यासारखा वास आला. तो आला तेव्हा मामा मोठ्याने म्हणाले, "वास हाय! चला!" हे त्यांनीच मला सांगितलं. असं म्हणताना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, असंही सांगितलं.

दिवा माथ्याच्या जरा अलीकडे विझला. मामा खाली आले, भरलेले सिलिंडर चढवले आणि दुपार कलायच्या आत शेवटच्या वाडीच्या शेवटच्या घरी पोचले. तिथून मला फोन आला. "वैनी, हितं मोदक गॅसवर हायत. चूल थंड हाय. हात लावून बगितला."

संध्याकाळी मी टेबलावरची चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली. गॅरेजवाला त्यानंतर माझ्याकडे डब्याबद्दल बोलला नाही. डबा अजून जागेवर आहे. कुणाला कापावासा वाटत असेल तर त्याने आधी माझ्याशी बोलावं.

मामा माघात गेले. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठले नाहीत. आजारपण नाही, सेवा नाही, कुणाला त्रास नाही. मला फोन आला तेव्हा मी स्वतः गाडी काढली, हौद्यात पोलादपुरातली दहाबारा माणसं घेतली, गॅरेजवाला पुढे माझ्याशेजारी बसला, आणि आम्ही त्यांच्या वाडीला गेलो. बायका मसणवटीत जात नाहीत. मी गाडीची ड्रायव्हर म्हणून गेले. कुणी काही म्हटलं नाही.

लाकडंच होती. दुसरं काय असणार? वाडीतला एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "सिलिंडर आणलात नाय वैनी?" म्हणजे ती थट्टा त्यांनी सगळ्यांकडे केली होती. मी म्हटलं, "विसरले नव्हते." लाकडं जरा ओली होती. धूर आधी आडवा आला आणि सगळ्यांच्या तोंडावर पसरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुराने. धुराने येतंच.

परत निघालो. उमरठ मागे पडलं, आणि दिवा लागला.

मामा आजारी नसले तरी त्या आठवड्यात वाड्यांचं काम जास्त होतं, माहेराच्या दोन्ही फेऱ्या चुकल्या होत्या. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज चढला. खालून तापल्या तव्याचा वास आला. मागून कुणीतरी टपावर थापा मारल्या.

"वैनी! वास येतोय! थांबवा गाडी!"

मी थांबवली नाही. पोलादपूर आलं. माणसं उतरायच्या तयारीत, एकेकाचा हात कठड्यावर. मर्तिकाहून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नसतं. दुसऱ्या गावाला जाण्याचं तर नावच नको. मी वळण घेतलं आणि गाडी हायवेला घातली.

गॅरेजवाला माझ्याकडे बघतच राहिला. "वैनी, आंघोळी व्हायच्यात सगळ्यांच्या."

"दिवा जाऊ दे."

त्याने काच वर केली. मागच्या थापाही थांबल्या. बहुतेकांना कळलं असावं. बारा बिनआंघोळीची माणसं, केसांत राख, अंगाला धुराचा वास, आणि गाडी एका वेगाने महाडकडे. रस्त्यात दोघातिघांनी हात केले. मी एक हात स्टिअरिंगवरून काढून नमस्कार केला.

महाड दिसायला लागलं तेव्हा दिवा विझला. मागून वाडीतल्या त्या म्हाताऱ्याचा आवाज आला. तो आमच्याबरोबर कधी चढला होता कोण जाणे. "मेला तरी नेलान् माहेराला!"

आधी एकजण हसला, मग सगळा हौदा हसला. मी गाडी वळवायला थांबवली. गॅरेजवाल्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि हवा ओढली, एकदा डावीकडची, एकदा उजवीकडची.

"वास नाय," तो म्हणाला.

मग मी गिअर टाकला.